तीन फुटांचा प्रवास

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे त्यात बदरीकेदार असावे, रामेश्वर असावे, निदान महाबळेश्वर तरी असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या प्रवासाची हकीकत येथे द्यावयाची आहे, तो आमच्याच घरातील चौदा फूट रुंदीच्या एका खोलीत सुरू झाला आणि भिंतीच्या पोटातील तीन फुटांच्या पोकळीतून जाऊन पलीकडच्या गोठ्यात संपला. त्यास एक तास व वर काही मिनिटे लागली. सोबतीस तिघे स्नेही होते. एक गणिताचे निवृत्त मास्तर, दुसरे डॉक्टर, तिसरे वकीलसाहेब. चौघांच्या वयांची बेरीज अडीचशेच्या वर जाते. स्थळ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, आणि काळ इ. स. २०२४ ची दिवाळी.

हल्ली पुण्यामुंबईकडील तरुण मंडळीत ‘एस्केप रूम’ नावाचा एक खेळ फार लोकप्रिय झाला आहे. पाचसहा जणांनी पैसे देऊन एका खोलीत कोंडून घ्यावयाचे. खोलीत ठिकठिकाणी कोडी, कुलपे, चिठ्ठ्या दडविलेल्या असतात. एकीचा उलगडा झाला म्हणजे दुसरीचा धागा सापडतो, आणि साठ मिनिटांच्या आत शेवटची किल्ली हाती आली तर सुटका झाली असे मानावयाचे. जपानातील क्योतो शहरी ताकाओ कातो नावाच्या गृहस्थांनी २००७ साली हा खेळ मांडला, आणि पुढे तो जगभर पसरला. पैसे देऊन बाहेर पडण्याची सोय लोक आजवर शोधीत असत. पैसे देऊन कोंडून घेण्याची ही तऱ्हा आम्हांस प्रथम विलक्षण वाटली. आमची नात पुण्यास वास्तुशास्त्राचे शिक्षण घेते. तिने हा खेळ तेथे चारदोनदा खेळलेला. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही आम्हांला लहानपणी इतकी कूटे घातलीत. आता आम्ही घालतो, तुम्ही सोडवा.” आणि घरातील पोरासोरांना हाताशी धरून तिने आमच्याच वाड्यात ती खोली सिद्ध केली.

वाड्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बालाघाटावरील आमचे हे गाव जुने आहे. जयंती नदीच्या काठी आई योगेश्वरीचे देऊळ, गावाबाहेर दरीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, आणि दासोपंतांचे वास्तव्य, यांमुळे त्याचे नाव महाराष्ट्रास ठाऊक आहे. निजामी अमलात गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. त्याच काळात स्वामी रामानंद तीर्थांनी येथील योगेश्वरी विद्यालयात शिक्षकाचे काम केले. जुनी घरे येथे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवदाची. उन्हाळ्यात अशा घरात पंख्यावाचून झोप लागते. पावसाळ्यात मात्र माळवद कोठे गळेल याचा नेम नसतो. आमचा वाडा याच जातीचा. ढेलज, चौक, ओसरी, माजघर, त्याला लागून धान्याची खोली आणि मागे गोठा. भाऊबंदांची वाटणी व्हावयाची असल्यामुळे नातीने त्या दिवाळीत फीत घेऊन सारा वाडा मोजला व कागदावर उतरविला. खेळाची कल्पना तिला त्या मोजणीतच सुचली. ती कशी, ते पुढे येईल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा बेत ठरला. मास्तर बीडहून मांजरसुंबा, केज या वाटेने एस. टी. ने आले, डॉक्टर परळीहून आले, वकीलसाहेब गावातलेच. सकाळ मोकळी होती म्हणून चौघे मिळून हत्तीखान्याकडे पाय मोकळे करावयास गेलो. ज्यांनी हे लेणे पाहिले नाही त्यांनी एकदा अवश्य पाहावे. खडक कोरून काढलेले मोकळे अंगण, मध्ये मंडप, भोवती दगडी हत्ती. कथा अशी सांगतात की, कोकणातून आलेल्या योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. वऱ्हाड येथवर आले, परंतु मुहूर्त टळला, आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी दगड होऊन राहिले. देवी कुमारिकाच राहिली. मास्तरांनी एका हत्तीच्या पाठीवर थाप मारून म्हटले, “साठ मिनिटांत सुटलो नाही तर आपले हेच होणार.” त्यांचा विनोद असाच असतो. पण मुहूर्ताचा जाच काय असतो, हे त्या हत्तींकडे पाहून खरेच जाणवते.

दुपारी जेवणे झाल्यावर ओसरीवर पानसुपारी चालली असता डॉक्टरांनी शंका काढली की यात नवे ते काय? दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी ही एस्केप रूमच नव्हे काय? आम्ही शाळेत असताना विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन त्या अंधारीतून कितीतरी वेळा गेलो आहो. खंदक ओलांडला म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेली वाट लागते. ती वळते, चढते, मध्येच फसव्या फाट्यांनी भलतीकडे नेते. वाटाड्याने पलिता विझविला म्हणजे आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि व्रात्यांतले व्रात्य पोर मुकाट्याने मास्तरांचे धोतर धरते. वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडीची जागा आहे. शत्रू आत शिरला की तेथे विस्तव पेटवून सारा धूर व आच खाली सोडावयाची. आम्ही डॉक्टरांस म्हटले की फरक येथेच आहे. क्योतोच्या कातो महाशयांनी कुलूप लाविले ते आज ना उद्या उघडावे म्हणून. देवगिरीच्या पाथरवटांनी वाट वळविली ती कोणास कधीच सापडू नये म्हणून. आणि शेवटी त्या अंधारीचे कोडे कोणी सोडविलेच नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, आणि रामदेवरायाला तह करावा लागला, असे आपण लहानपणापासून वाचीत आलो. वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे कोठार तपासणारा कारकून चुकला आणि दोष पाथरवटाच्या माथी!” त्यांस सर्वत्र कारकूनच दिसतात.

मग संस्कृत आमच्या अंगात आले. आम्ही लाक्षागृहाचा विषय काढला. आदिपर्वातील ते प्रकरण नव्याने वाचून पाहावे, खेळाचे सर्व साहित्य त्यात आहे. घर बाहेरून राजमंदिरासारखे, आतून लाखेचे व तुपाने माखलेले. निघतेवेळी विदुराने युधिष्ठिराला चारचौघांत, पण इतरांस कळणार नाही अशा बोलीत, इशारा दिला. मागाहून त्याने पाठविलेला खनक आला, आणि जमिनीखालून भुयार खणले गेले. पांडव कित्येक महिने आपणांस काही ठाऊकच नाही अशा चेहऱ्याने त्या घरात वावरले, आणि एका रात्री आपणच आग लावून निसटले. दण्डीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पण विदुराच्या त्या एका वाक्यापुढे सोळाही फिके.

आमचे व्याख्यान आणखी चालले असते. परंतु आत्याबाई माजघराच्या उंबऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी, वय शहाऐंशी. लातुराहून दर भाऊबीजेस आमच्या काकांना ओवाळण्यासाठी येतात. कान तिखट आहेत. त्या म्हणाल्या, “अरे, आणि त्या रात्री त्या घरात जेवायला आलेली ती निषादीण? पाच पोरांना घेऊन निजली होती ती?”

ती व तिचे पाच मुलगे जळून गेले, आणि त्यांच्या देहांवरून पांडव मेले अशी लोकांची खात्री पटली, हे आम्हांस अर्थातच ठाऊक होते. ते आम्ही सांगितले. आत्याबाईंनी पुढे काही विचारले नाही. वातीवर वात वळत राहिल्या. थोड्या वेळाने मात्र त्यांनी नातीला हाक मारून बजाविले, “काय खेळायचं ते खेळा. पण बाहेरून कडी लावायची नाही.”

नात म्हणाली, “आत्याआजी, लावणारच नाही. नियमच आहे तसा.” आणि तिने आम्हांस जे सांगितले ते आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. पोलंडमधील कोशालिन गावी ४ जानेवारी २०१९ रोजी पंधरा वर्षे वयाच्या पाच मुली वाढदिवसासाठी असाच खेळ खेळावयास गेल्या. इमारतीत आग लागली, खोलीतून बाहेर पडावयास वाट नव्हती, आणि पाचही जणी तेथेच गेल्या. तेव्हापासून शहाण्या चालकांनी असे ठरविले आहे की कोंडणे हे फक्त नाटक. दार हवे तेव्हा आतून उघडता आले पाहिजे. आमच्या खोलीचे दार म्हणून नुसते लोटून घेतले, आणि त्यावर खडूने कुलूप काढले.

आता खेळ. पहिले कूट आमच्यासाठीच घातले होते. फळीवर पितळेचा डबा, त्यास तीन आकड्यांचे कुलूप, आणि शेजारी कागदावर तीनच शब्द : ऋतू, नेत्र, वेद. मास्तरांनी तत्काळ सहा, दोन, चार असे फिरविले. कुलूप हलले नाही. त्यांनी ते ओढून पाहिले, आपटून पाहिले, आणि मुलीस गणित येत नाही असा निकाल दिला. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत संख्या शब्दांनी सांगतात तेव्हा अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात, ही गोष्ट नातीस आम्हीच कधीकाळी शिकविली होती. चार, दोन, सहा करताच डबा उघडला. तिला ते आठवले याचा आनंद कुलूप उघडल्याच्या आनंदाहून मोठा होता, हे लिहून ठेवण्यास हरकत नसावी.

डब्यात एक जुनी शेतसाऱ्याची पावती निघाली, सबंध उर्दूत. निजामी दप्तर उर्दूत असे, आणि जुन्या जमिनींच्या तंट्यांपायी वकीलसाहेबांनी ती लिपी आपल्या वडिलांपाशी शिकून घेतली होती. कोपऱ्यातील ट्रंकेला चार आकड्यांचे कुलूप. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पावती दिव्यापाशी धरली आणि वाचले : सन १३५७ फसली. ट्रंक उघडली. “फसलीत पाचशे नव्वद मिळवा,” ते म्हणाले, “म्हणजे एकोणीसशे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. रझाकारांचे वर्ष.” त्या क्षणी आम्हांपैकी कोणी यावर अधिक विचार केला नाही. ट्रंकेत पाहिजे होते ते निराळेच : मोजण्याची फीत आणि एक चिठ्ठी. मधली दोन लहानसान कोडी आम्ही येथे गाळतो. ती मुलांची होती व त्यांत कडबोळ्यांचा डबा गुंतलेला होता.

चिठ्ठीवर लिहिले होते : वाड्याची ही बाजू बाहेरून चौतीस फूट. गोठा साडेनऊ फूट. भिंती तीन, दारापाशी मोजल्यास प्रत्येकी अडीच फूट. खोली तुम्ही मोजा.

आता मास्तरांची पाळी होती. दोघांनी फीत धरली, खोली भरली चौदा फूट. चौदा आणि साडेनऊ, साडेतेवीस, तीन भिंतींचे साडेसात, एकूण एकतीस. मास्तरांनी पुन्हा मोजले. पुन्हा एकतीस. चौतिसांतून तीन फूट गेले कोठे? चाळीस वर्षे मुलांची गणिते तपासलेला हा गृहस्थ त्या कागदाकडे असा पाहत राहिला की जणू काही भिंतीनेच परीक्षेत नक्कल केली आहे. मग ते हळूच म्हणाले, “मधली भिंत भिंत नाही.”

पुढचे काम डॉक्टरांनी केले. रोग्याची छाती तपासावी तसे डाव्या हाताचे बोट भिंतीवर ठेवून उजव्या हाताच्या बोटाने ते ठोकीत चालले. जड, जड, जड. आणि फडताळाच्या मागे एकदम पोकळ. फडताळातील फळी सरकविताच मागे काळोख दिसला, आणि जुन्या ज्वारीच्या कोंड्याचा वास आला. ते बळद होते. शहरातील तरुण वाचकांसाठी सांगतो की, बळद म्हणजे भिंतीच्या पोटातील धान्याचे कोठार. वरच्या तोंडाने भरावयाचे आणि खालच्या तोंडाने काढून घ्यावयाचे. आमच्या घरात बळद आहे हे आम्हांस सहासष्ट वर्षांत ठाऊक नव्हते. नातीला ते तीन फुटांच्या तफावतीवरून कळले. तिने गवंड्याला बोलावून, पेवात उतरण्याआधी करतात त्याप्रमाणे, दोन दिवस दोन्ही तोंडे उघडी ठेवून, दिवा आत सोडून तो विझत नाही हे पाहून, मगच खेळात त्याची योजना केली होती. आत एक कंदील मिणमिणत होता. गुडघ्यांच्या तक्रारी करीत, एकमेकांस वर ओढीत व खाली ढकलीत आम्ही चौघे त्या तीन फुटांतून सरकलो, आणि पलीकडील तोंडातून गोठ्यात बाहेर आलो. अंगाला कोंडा, टोप्या हातात.

तेथे आत्याबाई पाटावर बसलेल्या होत्या. खेळाचे पुढचे टोक कोठे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. नातीकडे पाहिले, तीही चकित झालेली. आत्याबाई म्हणाल्या, “फार वेळ लावलात रे. आम्हांला एवढा लागला नव्हता.”

मग संध्याकाळपर्यंत त्यांनी जे सांगितले ते येथे त्यांच्या क्रमाने, पण थोडक्यात देतो. १९४८ साली त्या दहा वर्षांच्या होत्या. श्रावण सरत आला होता. रझाकारांच्या टोळ्यांच्या वार्ता रोज येत. ज्यांना शक्य होते त्यांनी बायकामुले सरहद्दीपलीकडे बार्शीकडे पाठविली होती. एके रात्री टोळी गावाकडे येत असल्याची आवई उठली, तेव्हा आमच्या आजोबांनी घरातील बायका व मुले अशी सात जणे बळदात बसविली. आमचे काका तेव्हा तान्हे होते. त्यांच्या तोंडावर त्यांच्या आईचा हात रात्रभर होता. पहाटेपर्यंत कोणी आले नाही. आत्याबाईंच्या आठवणीत भीतीपेक्षा तो हात अधिक आहे. बाळ श्वास घेतो की नाही हे काळोखात कळेना, म्हणून त्या त्याच्या पोटावर बोटे ठेवून बसल्या होत्या.

ही कथा अशी कितीतरी घरांत सांगतात. पुढची आमच्या घरात कोणी सांगत नसे.

१३ सप्टेंबरला हिंदी सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले आणि १७ ला निजामाने शरणागती दिली. गावात गुलाल उधळला, गूळ वाटला. त्यानंतर काही दिवसांतच मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी उलटी लाट आली. ज्यांनी रझाकारांचे तोंडही पाहिले नव्हते अशा मुसलमान घरांवरही लोक चालून गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात बीड जिल्ह्याचेही नाव आहे; तो अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. आमच्या मागल्या गल्लीत विणकरांची घरे होती. तेथील एक बाई, तिची सासू आणि दोन मुली एका रात्री गोठ्याच्या दाराशी आल्या. आजीने आजोबांस विचारलेदेखील नाही. खालच्या तोंडाने त्यांना बळदात घातले, आणि मग आजोबांस सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. घोंगडी घेऊन ओसरीवर जाऊन बसले, आणि चार रात्री तेथेच बसून राहिले. शेण भरावयास लहान मुलगी गोठ्यात गेली तर कोणास संशय येत नाही, म्हणून भाकरी व ताक पोचविण्याचे काम आत्याबाईंकडे आले. त्या तोंडाला तेव्हा लाकडी झडप व बाहेरून कडी होती. भाकरी दिली की कडी लावून यावयाचे, अशी आजीची सक्त ताकीद होती. झडप किलकिली दिसली तर प्राणांशी गाठ. पहिल्याच दिवशी आतून ती बाई म्हणाली, “बेटी, कडी नको लावू.”

“मग काय केलंत?” नातीने विचारले.

“काय करणार? आई म्हणते लाव, ती म्हणते नको. मी झडप ओढून घेतली आणि पाठ लावून तिथंच बसले. चार दिवस. शेणाच्या गोवऱ्या थापीत.” आत्याबाईंनी गोठ्याच्या भिंतीकडे हात केला. “आई रागावली. पण जेवायला हाक मारली नाही तिनं. तिथंच आणून दिलं.”

पाचव्या रात्री त्या बायकांचे नातेवाईक बैलगाडी घेऊन आले व त्यांना घेऊन गेले. पुढे ती मंडळी कोठे गेली ते आत्याबाईंनाही कळले नाही. आजोबांनी दुसऱ्या वर्षी झडप काढून ते तोंड मातीने लिंपून टाकले, खोलीच्या अंगाला फडताळ बसविले, आणि बळदाचे नाव घरात निघेनासे झाले. गावकीत बोलबाला होऊ नये हे एक कारण असेल. त्या दिवसांत अशा गोष्टीचा अभिमान कोणी बाळगीत नसत, हे दुसरे.

वकीलसाहेब ती उर्दू पावती हातात घेऊन उगाच उलटीसुलटी करीत होते. मास्तरांनी जाताना नातीस विचारले की तीन फूट नकाशात कोणाच्या वाटणीस घातले आहेत. प्रश्न खोचक नव्हता, हिशेबाचाच होता. कारण वाटणीची रेघ नेमकी त्याच भिंतीवरून जाते. खोली धाकट्या काकांकडे, गोठा आमच्याकडे, आणि भिंत सामाईक, असे कागदावर ठरून गेलेले आहे. भिंत पाडावी तर माळवद खाली येईल, असे गवंडी म्हणतो. ठेवावी तर बळद दोघांचे. काकांना रात्री सारे सांगितले, तेव्हा ते पुष्कळ वेळ आपल्या बहिणीकडे पाहत होते, आणि मग म्हणाले की त्या भिंतीपुरता नकाशा पुन्हा काढा.

दुसऱ्या दिवशी नातीने तो काढावयास घेतला. भिंतीच्या दोन रेघा, मध्ये तीन फुटांची पोकळी, दोन्ही तोंडे. आत्याबाईंनी चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि खालच्या तोंडावर बोट ठेवून विचारले, कडीचा कोयंडा कोठे दाखविला आहेस? नात कंदील घेऊन गोठ्यात गेली. माती खरवडल्यावर लाकडी चौकट लागली, आणि तिच्यात अडकलेला गंजका कोयंडा. कडी नव्हती. तिने फीत लावून जमिनीपासून त्याची उंची घेतली, एक फूट सात इंच, आणि नकाशावर त्या ठिकाणी एक बारीक वर्तुळ काढले.